गाडी एका खात्यात, डिझेल दुसऱ्यात



1 जून 1948 रोजी एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली. त्यानंतर बरोबर 74 वर्षांनी, 1 जून 2022 रोजी, त्याच रस्त्यावर 'शिवाई' धावली. एसटीची ही पहिली विजेवरची बस. धूर नाही, खडखडाट नाही, म्हणून तिचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. मला आज बोलायचंय ते मात्र बस रस्त्यावर येण्याआधीच्या कागदाबद्दल. सरकारी गाडी पुढची बारा-पंधरा वर्षं किती धूर ओकणार, हे पुष्कळदा निविदेच्या एकाच कलमात ठरून गेलेलं असतं.

ते कलम सर्वांत कमी दराचं. कार्यालयात त्याला 'एल वन' म्हणतात. अटी पुऱ्या करणाऱ्यांत ज्याचा दर कमी, त्याला काम. अधिकारी या कलमाला घट्ट धरून असतात, कारण उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर उत्तर त्यांनाच द्यायचं असतं. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. खोट आहे ती हिशेबाच्या वहीत. गाडीची किंमत एका लेखाशीर्षाखाली पडते, डिझेल आणि दुरुस्ती दुसऱ्याखाली. खरेदीत वाचलेले दोन लाख लगेच डोळ्यांत भरतात. त्यापायी पंपावर गेलेले वीस लाख वेगळ्याच टेबलावरच्या फायलीत जातात. आणि थांब्यावर उभ्या असलेल्या म्हातारबांचा खोकला? त्याला तर लेखाशीर्षच नाही.

जरा आकडे मांडू. हातात पेन असेल तर लिहून घ्या. शहरातली बस दिवसाला 200 किलोमीटर चालते, वर्षातले 300 दिवस चालते, बारा वर्षं टिकते असं धरा. झाले 7 लाख 20 हजार किलोमीटर. लिटरला चार किलोमीटर पडले, तर डिझेल लागलं 1 लाख 80 हजार लिटर. लिटरचा भाव 90 रुपये धरला, तरी 1 कोटी 62 लाख रुपये. आणि ती साधी डिझेल बस घेतली केवढ्याला? चाळीस-पन्नास लाख धरा. म्हणजे जिथे सगळी घासाघीस होते, तो खर्चाचा लहान तुकडा. मोठा तुकडा कुणी विचारातच घेत नाही. शिवाय लिटरभर डिझेल जळलं की अडीच किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एका बसचे तिच्या आयुष्यात साडेचारशे टन.

युरोपीय संघाने 2009 साली नेमकं यावरच बोट ठेवलं. सार्वजनिक संस्थांनी वाहन घेताना ते आयुष्यभर किती ऊर्जा खाईल, किती कार्बन, किती नायट्रोजन ऑक्साइड, किती काजळी सोडेल हे विचारात घेतलंच पाहिजे, असा निर्देश काढला. पैशात हिशेब मांडायचा, तर त्याची रीतही दिली. बसचं आयुष्य धरायचं 8 लाख किलोमीटर आणि कार्बन डायऑक्साइडला किलोमागे तीन ते चार सेंट दर लावायचा. धुराला दर! कल्पना मला फार आवडली. पण त्या दराने साडेचारशे टनांचे होतात साडेतेरा ते अठरा हजार युरो, आणि तिकडे बसच मुळी दोन लाख युरोंच्या घरातली. तेवढ्याने कुणाचा निर्णय कशाला फिरतोय? निर्देशाचा परिणाम तोकडाच राहिला. शेवटी 2019 मध्ये तो बदलला. ऑगस्ट 2021 पासून नव्या खरेदीत स्वच्छ वाहनांचा किमान वाटा किती हवा, हे देशागणिक ठरवून दिलं आहे. माझ्या मते नुसत्या हिशेबापेक्षा हे बरं.

आपल्याकडे वाट निघाली ती वेगळीच. गाडी विकत घ्यायचीच नाही. किलोमीटरच्या दराने चालवायला घ्यायची. बस, बॅटरी, चालक, देखभाल सगळं ठेकेदाराचं. 2022 साली कोलकाता, दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद आणि सुरत या पाच शहरांसाठी मिळून 5,450 विजेच्या बसची एकत्र निविदा निघाली. बारा मीटर लांबीच्या बसला सर्वांत कमी दर आला किलोमीटरला 43 रुपये 49 पैसे. इथेही 'एल वन'च आहे, हे लक्षात घ्या. कलम तेच, पण मोजायचं एकक बदललं आणि खरेदीला महाग असलेली विजेची बस स्पर्धेत टिकली.

म्हणून सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. एसटीने 5,150 विजेच्या बस भाड्याने घेण्याचा करार केला, पण गाड्या ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे आल्या नाहीत. आणि आपली पुष्कळशी वीज अजून कोळशाची आहे. पुण्यातल्या शाळेपुढचा धूर कमी होतो खरा, पण जिथे तो कोळसा जळतो त्या चंद्रपूरच्या माणसाने त्यावर काय म्हणावं?

राज्य सरकारने 1 जानेवारी 2022 पासून नवी सरकारी वाहनं विजेचीच घ्यायची असं ठरवलं. केंद्राच्या नियमामुळे 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. म्हणजे जुन्या गाड्या मोडीत निघणार, नव्या येणार. खरं तर त्या आधी एक प्रश्न विचारायला हवा, की तेवढ्या गाड्या लागतात का? बैठक आत दोन तास चाललेली आणि बाहेर गार हवेसाठी इंजिन चालू ठेवलेली पांढरी गाडी, हे दृश्य तुम्हीही पाहिलं असेल.

तुमच्या नगरपालिकेची घंटागाड्यांची निविदा आता कधीतरी निघेलच. ती सर्वांना वाचायला खुली असते. ती उघडा, दराचा तक्ता काढा आणि त्यात इंधनाचा रकाना आहे का, एवढं बघा. नसेल, तर निविदापूर्व बैठकीच्या आधी मुख्याधिकाऱ्यांना तो घाला असं एक पत्र लिहा.