मस्टरवर नाव हवे!
(शुक्रवार पेठ, सोलापूर येथील भाषण)



1952 सालच्या भविष्यनिधी कायद्यात 1960 पासून किमान वीस कामगारांची अट होती. मग मालकांनी काय केले? एकाच छपराखाली चार पाट्या! एक बायकोच्या नावे, एक मेव्हण्याच्या. हजेरीबुकात दर पाटीस एकोणीस! त्याच साली कायद्यात 2-अ कलमही आले होते : खाती नि शाखा निराळ्या असल्या तरी आस्थापना एकच. पाट्या काही उतरल्या नाहीत. कांड्या भरणारी बाई तर मोजतच नाहीत, म्हणे कंत्राटदाराची! अहो, त्या कायद्याने तीही कामगारच होती.

मस्टरवर नाव नाही, म्हणजे फंडात मालकाचा वाटा नाही. हात थरथरू लागले की रिकाम्या हाताने घरी.

नोव्हेंबर 2025 पासून नव्या संहिता लागू झाल्यात. नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. उद्या पाळीला जाताना मागा. पगाराची चिठ्ठी फेकू नका.