मातांच्या मंडळाचे यंत्र



एकोणिसाव्या वर्षी कंपनी काढून अमाप संपत्ती मिळविणाऱ्या बिल गेट्स यांची कथा आपल्या मुलांना वारंवार सांगितली जाते. मुलगा बुद्धिमान होता, त्याने परिश्रम केले आणि तो मोठा झाला, एवढेच तिचे तात्पर्य. हे असत्य नाही, पण अपुरे आहे. आणि अपुरी कथा ज्यांच्या घरी साधन नाही त्यांच्या मुलांना विनाकारण मंदबुद्धी ठरविते. म्हणून उरलेला भाग मी आज आपणांपुढे ठेवीत आहे.

अमेरिकेतील सिएटल शहरात लेकसाइड नावाची खाजगी शाळा आहे. 1968 साली तेथील मातांच्या मंडळाने जुन्यापुरान्या वस्तूंची विक्री मांडली आणि त्या पैशांतून शाळेत एक टेलिटाइप यंत्र आणविले. ते स्वतः संगणक नव्हते. दिसावयास टंकलेखन यंत्रासारखे. टेलिफोनच्या तारेने ते दूरच्या मोठ्या संगणकाशी जोडले जाई, आणि जितका वेळ वापरावे तितके पैसे पडत. त्या काळी अमेरिकेतही फारच थोड्या शाळांत अशी सोय होती. गेट्स तेव्हा आठव्या इयत्तेत होते, त्यांचे मित्र पॉल ॲलन दोन इयत्ता पुढे. मुलांनी मातांचा पैसा पाहता पाहता संपविला!

पुढे शहरातील एका कंपनीने, आपल्या संगणकातील दोष शोधून देण्याच्या मोबदल्यात, त्यांना तो फुकट वापरू दिला. मध्यंतरी त्या दोषांचा गैरफायदा घेतल्याबद्दल त्यांच्यावर बंदीही आली. थोरांच्या चरित्रांत असे प्रसंग झाकले जातात. ते झाकू नयेत.

जानेवारी 1975 च्या एका मासिकात अल्टेअर 8800 या लहान संगणकाची माहिती आली, तेव्हा या तरुणांच्या पाठीशी सहा वर्षांचा सराव होता. यासाठी 'बेसिक' भाषा आमच्याजवळ आहे, असे त्यांनी उत्पादकास कळविले. ती नव्हती! हार्वर्ड विद्यापीठाच्या संगणकावर सुमारे दोन महिन्यांत त्यांनी ती रचिली. अल्टेअर तोवर डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. ॲलन ती घेऊन आल्बुकर्कीस गेले आणि ती चालली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट स्थापन झाली. गेट्स यांनी हार्वर्ड सोडले, हे धाडस म्हणून सांगतात. वडील नामांकित वकील होते, धंदा बुडता तरी घरचा आधार शाबूत होता, हे कोणी सांगत नाही.

मातांनो, आपल्या वस्तीत वर्गणी निघते आणि खर्चही होते. पुढील खेपेस हिशेब मांडाल तेव्हा एका संगणकाचा आकडा त्यात घालून पाहा, आणि त्याच्यापुढे बसावयाचे तास वाटताना मुलींचे तास आधी लिहा. सिएटलच्या ज्या मातांनी यंत्र आणविले, त्यांच्या मुलींना त्याच्यापुढे बसता येत नव्हते. शाळा केवळ मुलग्यांची होती. मुलींना तिचे दार 1971 साली उघडले.