सीमेवर न गेलेला माजी सैनिक

बंगळुरूत कोरमंगलातून दोमलूरकडे जाणारा इनर रिंग रोड संध्याकाळी तुंबला की गाडीत अडकलेल्या माणसाला काचेच्या इमारती दिसतात, स्टार्टअपच्या पाट्या दिसतात आणि अधूनमधून लष्करी हद्दीच्या भिंतीही दिसतात. आगरमच्या बाजूला आर्मी सर्व्हिस कोअरचे केंद्र आहे. लढणाऱ्या पलटणींना पीठ, डाळ, रॉकेल, डिझेल आणि डोंगरात खेचरे पुरवणारी ही कोअर. तिच्यातला एखादा जवान सियाचीनच्या पायथ्याशी रसद मोजतो, दुसरा सतरा वर्षे पुरवठा डेपोच्या खतावण्यांत घालवतो. निवृत्तीच्या दिवशी दोघांच्या हातात सारखेच डिस्चार्ज बुक पडते. पुढे एखाद्या सोसायटीची ‘माजी सैनिकांना प्राधान्य’ अशी जाहिरात वाचून दोघेही सुरक्षारक्षकाच्या नोकरीला अर्ज करतात. पोस्टिंग कुठे होते, हे सोसायटीचा सेक्रेटरी विचारत नाही.

त्याने विचारावे का? प्रत्यक्ष मोहिमेवर, ‘फील्ड’मध्ये कधीच न गेलेल्या माणसाला माजी सैनिक म्हणावे का? चहाच्या टपरीवर या प्रश्नाचे उत्तर चटकन मिळते: ज्याने गोळी झेलली तो सैनिक, बाकीचे सरकारी नोकर. ऐकायला हे बरे वाटते. पण त्यामागे एक गृहीतक दडलेले आहे, की कुठे जायचे ते सैनिक स्वतः ठरवतो. सैनिक बदलीचा हुकूम पाळतो, एवढेच. १९९९ च्या उन्हाळ्यात एक पलटण द्रासला गेली आणि दुसरी राजस्थानात राहिली, यात दुसऱ्या पलटणीच्या शौर्याचा काही संबंध नव्हता.

शिवाय धोका काही सीमेवरच मुक्काम करत नाही. १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईच्या नौदल गोदीत आयएनएस सिंधुरक्षक ही पाणबुडी स्फोटाने बुडाली आणि तिच्यातले १८ नौसैनिक गेले. पाणबुडी धक्क्याला बांधलेली होती, कुलाब्याची वस्ती हाकेच्या अंतरावर होती. ३१ मे २०१६ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात आग लागली. दोन लष्करी अधिकाऱ्यांसह पंधराहून अधिक माणसे त्यात दगावली. पुलगाव म्हणजे कापसाचा मुलूख. कोणत्याही सरहद्दीपासून तो शेकडो किलोमीटर आत आहे. तिथल्या मृतांत आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे कर्मचारीही होते. मोहिमेची अट लावली, तर या दोन्ही ठिकाणांहून वाचून बाहेर आलेल्या माणसांना काय म्हणायचे?

आपल्या नियमांनी ही अट कधी घातलेलीच नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. केंद्राच्या नागरी सेवांतील माजी सैनिकांच्या पुनर्नियुक्तीचे नियम १९७९ चे आहेत. त्यांतली व्याख्या थोडक्यात अशी: भूदल, नौदल किंवा वायुदलात, लढाऊ असो वा बिगरलढाऊ, कोणत्याही हुद्द्यावर सेवा करून जो निवृत्तिवेतनासह बाहेर पडला तो माजी सैनिक. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाने, दलातील कपातीमुळे किंवा ठरलेली मुदत पूर्ण झाल्यावर उपदान घेऊन ज्याला मुक्त केले, तोही त्यात येतो. गोळीबाराचा, सीमेचा, मोहिमेचा कुठे उल्लेख नाही. म्हणजे स्वयंपाकी, धोबी, कारकून सगळे आत.

मग आघाडीवर गेलेल्याचे वेगळे मोल कुठे होते? छातीवर. १९६५ च्या युद्धासाठी दोन पदके निघाली. समर सेवा स्टार प्रत्यक्ष रणक्षेत्रात असलेल्यांना मिळाला, तर रक्षा पदक त्या काळात गणवेशात असलेल्यांना. १९७१ साठी पूर्वी आणि पश्चिमी स्टार रणभूमीवरच्यांना दिले गेले आणि संग्राम पदक सरसकट. कारगिलनंतर ऑपरेशन विजयचा स्टार आणि ऑपरेशन विजयचे पदक अशी पुन्हा तीच विभागणी झाली. दर्जा सर्वांना आणि मान ज्याच्या त्याच्या वाट्याचा, अशी ही शहाणी व्यवस्था आहे. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली आणि तिथे आजही घरटी फौजी सापडतो. अशा गावात कोण आघाडीवर होता आणि कोण डेपोत, हे सांगायला सरकारी कागद लागत नाही. तरी दोघांना फौजीच म्हणतात.

बाहेरच्या देशांनीही या प्रश्नावर बरीच डोकेफोड केली आहे. ब्रिटनने सर्वांत सैल व्याख्या घेतली: गणवेशात एक दिवस काढला तरी पुरे, नियमित दलात असो वा राखीव. अमेरिकेत नॅशनल गार्ड आणि राखीव दलात वीस वर्षे काढूनही ज्यांना संघराज्याच्या सक्रिय सेवेत कधी बोलावलेच नाही, अशांना कायद्याने ‘व्हेटरन’ म्हणता येत नव्हते. २०१६ च्या डिसेंबरात तिथल्या काँग्रेसने त्यांना तो किताब दिला, मात्र त्यापायी कोणताही नवा आर्थिक लाभ मिळणार नाही असे त्याच कायद्यात लिहून टाकले. मान दिला, तिजोरी बंद ठेवली.

भारतात खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. आपण कुंपण सीमेपाशी घातले नाही. ते पेन्शनच्या कागदापाशी आणि कमिशनच्या तारखेपाशी घातले. त्या कुंपणाबाहेर दोन प्रकारची तरुण माणसे उभी आहेत.

पहिली खडकवासल्याची. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत कॅडेट तीन वर्षे राहतो. घोडेस्वारी, मुष्टियुद्ध, पोहणे, अडथळ्यांची शर्यत हे सारे हुकमाने चालते. एखादा घोड्यावरून पडतो, मणका मोडतो, आणि वैद्यकीय मंडळ त्याला घरी पाठवते. सैन्यात भरती झालेला जवान प्रशिक्षणात असाच जायबंदी झाला आणि त्याला अपंगत्व निवृत्तिवेतन मिळाले, तर तो माजी सैनिक ठरतो. कॅडेट ठरत नाही, कारण त्याला अजून कमिशन मिळालेले नसते. मैदान तसेच, हुकूम तसाच, मोडलेले हाडही तसेच. १९८५ पासून असे सुमारे ५०० अधिकारी-कॅडेट लष्करी प्रबोधिन्यांतून बाहेर पडल्याची बातमी आल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्याच महिन्यात सरकारने या मुलांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेतले. उपचार मिळाले, दर्जा मिळाला नाही.

दुसरे अग्निवीर. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या योजनेत चार वर्षांची सेवा आहे, सुमारे ११.७१ लाखांचा सेवा निधी आहे आणि जास्तीत जास्त चौथा हिस्सा पुढे नियमित सेवेत जातो. उरलेल्यांना निवृत्तिवेतन नाही, उपदान नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६-२७ च्या सुमारास भरतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचे अग्निवीर अक्षय गवते ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनवर कर्तव्य बजावताना गेले. त्यांच्याच चौकीवर राहून, चार वर्षे पुरी करून धडधाकट परतणारा सोबती व्याख्येप्रमाणे माजी सैनिक नसेल. पुण्याच्या कार्यालयात पंधरा वर्षे फायली हलवलेला हवालदार मात्र असेल. टपरीवरचे उत्तर इथे पार उलटे होते: ज्याने आघाडी पाहिली तो बाहेर, ज्याने पाहिली नाही तो आत.

यावर सरकारी आक्षेप ठरलेला आहे आणि तो पोकळ नाही. केंद्रातल्या क गटात १० टक्के आणि जुन्या ड गटात २० टक्के जागा माजी सैनिकांना राखीव आहेत. दर वर्षी हजारो अग्निवीर त्या रांगेत आले, तर पस्तिशी-चाळिशीत निवृत्त झालेल्या, मुलांच्या फिया भरणाऱ्या नाईक-हवालदारांना धक्का बसेल. पण याच व्यवस्थेत रांग लावायची सोय आधीपासून आहे. नोकरीच्या शिफारशीत सेवेमुळे अपंग झालेल्या माजी सैनिकाला पहिला क्रम मिळतो, हुतात्म्यांच्या अवलंबितांना त्याखालोखाल. आत कोण यावे आणि आत आल्यावर पुढे कोण उभे राहावे, हे दोन निराळे निर्णय आहेत. किती वर्षे झाली, कुठे झाली, शरीराने काय किंमत मोजली, याचे हिशेब दुसऱ्या निर्णयात खुशाल करावेत. पहिल्यासाठी हुकमाखाली शरीर सरकारच्या स्वाधीन केले होते की नाही, एवढेच पाहावे.

प्रादेशिक सेनेचा प्रश्न याच कसोटीवर जरा अवघड आहे. कोल्हापुरात मराठा लाइट इन्फंट्रीची प्रादेशिक सेनेची पलटण आहे. तिच्यातला माणूस एरवी शेती किंवा नोकरी करतो आणि दर वर्षी ठरावीक दिवस प्रशिक्षणाला जातो. त्याला पूर्ण वेळ बोलावले गेले, त्या सेवेवर निवृत्तिवेतन मिळाले, सेवेत अपंगत्व आले किंवा शौर्यपदक मिळाले, तरच तो व्याख्येत येतो. इथे कुंपण थोडे आवळलेले असणे समजू शकते, कारण त्याच्या वर्षाचा मोठा भाग त्याच्याच हातात असतो. कॅडेटच्या हातात एकही दिवस नसतो.

आणि ही व्याख्या काही दगडावरची रेघ नव्हे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०९ खाली केलेले हे नियम आहेत. बदलायला संसदेत विधेयक आणावे लागत नाही. १९७९ नंतर त्यांत अनेकदा दुरुस्त्या झाल्या, २०१२ मध्येही झाली. त्यांतच एक कलम लष्करी टपाल सेवेचे आहे: टपाल खात्यातून प्रतिनियुक्तीवर येऊन १४ एप्रिल १९८७ पूर्वी सहा महिन्यांहून अधिक काळ या सेवेत काम केलेला कर्मचारी माजी सैनिक मानला जातो. सहा महिने जवानांची पत्रे पोचवणाऱ्याला त्या यादीत घेतले ते योग्यच झाले. खडकवासल्याहून चाकाच्या खुर्चीत घरी गेलेल्या मुलासाठी तिथे अजून कलम नाही.