रक्ताचा कर्करोग आणि भावंडाचे दान

मुंबई–आग्रा महामार्गावरील सोनगीर हे तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव. जुन्या भांड्याला कल्हई लावण्यापूर्वी ते घासून लख्ख करावे लागते, हे येथील मुलांनाही ठाऊक असेल. तीव्र रक्तकर्करोगावरील मूळपेशी-रोपणाची रीत काहीशी अशीच आहे. प्रथम प्रखर औषधांनी, क्वचित किरणोपचारांनीही, रोगट अस्थिमज्जा रिकामी केली जाते. नंतर दात्याच्या निरोगी मूळपेशी रक्त चढवावे तशा शिरेवाटे देतात. त्या हाडांच्या पोकळीत जाऊन स्थिरावतात आणि साधारणतः दोन ते चार आठवड्यांत नवे रक्त निर्माण करू लागतात.

भारतात हे रोपण प्रथम यशस्वी झाले ते मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात, मार्च १९८३ मध्ये. बालपणीच्या पोलिओमुळे चाकांच्या खुर्चीतून रुग्णसेवा करणारे डॉ. सुरेश अडवाणी यांनी नऊ वर्षांच्या एका मुलीवर भावंडाच्या मज्जेचे रोपण केले. आज प्रौढ रुग्णांनाही हा उपचार मिळतो; मात्र तो सर्वांनाच लागतो असे नव्हे. आधी औषधांनी रोग आटोक्यात आणावयाचा आणि तो उलटण्याचा धोका अधिक असेल तेथे रोपणाचा विचार करावयाचा, असा क्रम आहे. जंतुसंसर्ग होणे, दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच त्वचेवर, यकृतावर वा आतड्यांवर हल्ला करणे, हे धोके गंभीर आहेत आणि ते प्राणावरही बेततात. कुटुंबापासून ते लपवू नयेत.

सख्खे भावंड पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारांत एक असते. अर्धे जुळणारे आईवडील वा अपत्येही आता दाते होऊ शकतात. तरीही पुष्कळदा अडते ते भीतीपाशी. 'मज्जा' म्हटले की लोकांना मज्जारज्जू आठवतो, आणि दाता पांगळा होईल, अशी समजूत पसरते. विवाहित बहिणीच्या सासरी तर हा प्रश्न फारच नाजूक होतो. वस्तुतः पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूचा येथे काडीमात्र संबंध नाही. चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन दंडाच्या शिरेतील रक्तातून पेशी वेगळ्या काढतात, किंवा भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा घेतात. काही दिवस अंग दुखते, एवढेच बहुधा होते. मज्जेची भर काही आठवड्यांत निघते.

न हटणारा ताप, वाढता फिकटपणा, हिरड्यांतून रक्त, अंगावर लाल ठिपके अशी लक्षणे दिसताच रक्तातील पेशींची मोजणी करून घ्यावी. धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथून जवळ आहे. निदान पक्के होऊन मुंबईस जाण्याची वेळ आली, तर भावंडांची तपासणी केव्हा करावयाची, हे पहिल्याच भेटीत विचारावे, आणि खर्चाच्या मदतीसाठी रुग्णालयातील समाजसेवा विभागास त्याच दिवशी भेटावे.