मुगाची दोन रोपे



मला बोलायला सांगितले तेव्हा मी नको म्हणत होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. सभेत उभे राहण्याची सवय नाही. पण माझ्या हातून झालेली एक चूक सांगण्यासारखी आहे, म्हणून उभी राहिले.

आमची धाकटी सहावीत आहे. शाळेतून तिला एक प्रयोग दिला होता. दोन करवंट्यांत सारखी माती घालायची, प्रत्येकीत पाच भिजवलेले मूग पेरायचे. एक करवंटी खिडकीत, दुसरी अंधारात. पाणी दोन्हींना सारखे. रोज ठरल्या वेळी त्यांतले सर्वांत उंच रोप मोजपट्टीने मोजायचे नि वहीत लिहायचे. अंधारासाठी तिने आमचे फडताळ अडवले. डाळींचे डबे आठ दिवस ओट्यावर, आणि फडताळ कोणी उघडायचे नाही अशी आम्हांला ताकीद!

आठव्या दिवशी मी वही पाहिली. खिडकीतले रोप ९ सेंटिमीटर, फडताळातले १७. मला वाटले, पोरीने घोटाळा केला. उजेडावाचून झाड वाढत नाही, हे मीही शाळेत शिकले होते. मी म्हटले, "अगं, आकडे उलटे पडलेत. खोडून नीट लिही, नाहीतर गुण जातील."

ती म्हणाली, "आई, मी मोजलं तेच लिहिलंय."

मी रागावले. ती रडली, पण खोडले नाही. तशीच वही घेऊन शाळेत गेली.

संध्याकाळी येऊन तिने बाईंचे सांगणे मला समजावले. अंधारातले रोप उजेडाच्या शोधात भराभर उंच होते. दाण्यातली शिदोरी त्या धावपळीतच खर्च होते. म्हणून ते लांब, पण बारीक नि पिवळे. उजेडातले बुटके, पण जाड देठाचे, हिरव्या पानांचे. ते आपले अन्न आपण तयार करू लागते. आकडे बरोबरच होते. दोन्ही करवंट्या तिने शेजारी ठेवल्या. फडताळातल्या रोपांनी माना टाकल्या होत्या.

तेव्हा मला आमचे नवरात्र आठवले. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात घटाचे धान नऊ दिवसांत पिवळेधमक वाढते. दसऱ्याला पुरुषमंडळी त्याचे तुरे टोपीत खोवतात. वीस वर्षे मी घट बसवते आहे, पण ते पिवळे का, हे कधी मनात आले नाही. पोरीने आठ दिवस मोजले आणि मला कळले.

मैत्रिणींनो, तिने माझे ऐकले असते तर? गुणांचे राहू द्या. पण डोळ्यांनी पाहिलेले खोडून टाकायला तिला तिच्या आईनेच शिकवले असते. मुलांची बेरीज चुकली तर जरूर सांगावे. पण त्यांनी पाहिलेले आपल्या समजुतीशी जुळले नाही, तर आधी आपण उठून फडताळ उघडून पाहावे. मी ते उघडले नव्हते.

एवढे बोलून मी खाली बसते.