आधी मूर्ख, मग शहाणे

खांदेश्वर स्थानकाचा जिना वडापाव खात खात चढणाऱ्यांनी जरा ऐकावं! याच रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या शिवथरघळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला, अशी परंपरा आहे. त्याच्या दुसऱ्या दशकातला पहिलाच समास मूर्खलक्षणांचा. वाटेनं खात जाणारा त्यात आहे. दोघं बोलत असताना तिथं जाऊन बसणारा आणि वर दोन्ही हातांनी डोकं खाजवणाराही आहे. हा तर आपल्या लोकलमधला चौथ्या सीटवरचाच! उत्तम लक्षणं दुसऱ्या समासात येतात. पण दहाव्या समासात शिकलेल्यांची हजेरी: पढतमूर्ख. ज्ञान भरपूर, उपदेश त्याहून भरपूर, वागणं मात्र उलटं. दासबोधात त्याला स्वतंत्र समास मिळाला. रेल्वेनं अजून स्वतंत्र डबा दिलेला नाही.