मातामृत्यू आणि जिल्ह्यात टिकणारी माणसे



१८४२ साली पणजीत वैद्यकीय विद्यालय निघाले, हे आपणांस ठाऊक आहेच. तेथे शिकून पोर्तुगीज आफ्रिकेत नोकरीस गेलेल्या गोमंतकीय डॉक्टरांची आठवण मात्र आपण फारशी ठेवली नाही. लिस्बनच्या पदवीधरांपुढे त्यांना दुय्यम मानले जाई. त्यांच्यापैकी काही ज्या मोझांबिकमध्ये गेले, त्या देशाविषयी आज मी बोलणार आहे.

१९७५ मध्ये तो देश स्वतंत्र झाला आणि बहुतेक पोर्तुगीज डॉक्टर निघून गेले. पुढे यादवी पेटली, ती १९९२ पर्यंत चालली. अडलेल्या बाईची शस्त्रक्रिया करून तिला मोकळे करणारा माणूस जिल्ह्यात मिळेनासा झाला. प्रसूतीनंतरचा तीव्र रक्तस्राव दोनेक तासांत प्राण घेतो. राजधानीतला निष्णात अशा वेळी तिच्या काय कामाचा? तेव्हा १९८४ पासून सरकारने अनुभवी वैद्यकीय साहाय्यकांना तीन वर्षे शिकवून शल्यतंत्रज्ञ म्हणून तयार करण्यास आरंभ केला.

पदवी नसलेल्याच्या हाती शस्त्र द्यावे का, हा आक्षेप मी हलका मानीत नाही. मापुतोच्या मध्यवर्ती रुग्णालयातील दोन हजारांहून अधिक सिझेरियन शस्त्रक्रियांची तुलना १९९६ साली प्रसिद्ध झाली. तंत्रज्ञांच्या हातून वरवरची जखम उसवण्याचे प्रमाण किंचित अधिक आढळले. एरवी म्हणण्यासारखा फरक नव्हता.

मला त्याहून मोलाची वाटते ती २००७ ची पाहणी. जिल्हा रुग्णालयांत नेमलेल्या तंत्रज्ञांपैकी ८८ टक्के सात वर्षांनंतरही तेथेच होते. तेथे नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता. तंत्रज्ञांची पात्रता देशाबाहेर चालत नसे, हेही त्याचे एक कारण असावे. हे कारण काही गौरवाचे नव्हे. अशा माणसांना वेतन आणि बढती नाकारून त्यांच्या निष्ठेचे गोडवे गाणे मला तरी पटत नाही.

आपल्या देशात २०१८-२० या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातामृत्यू नोंदले गेले. केरळात १९, आसामात १९५. भूलतज्ज्ञावाचून ग्रामीण शल्यगृहे कुलूपबंद राहत, म्हणून एम.बी.बी.एस. डॉक्टरांना १८ आठवड्यांत भूल देण्यास शिकविण्याची योजना आपल्याकडेही निघाली. शिकून तयार झालेल्यांपैकी अनेकांची नेमणूक मात्र अशा ठिकाणी झाली, जेथे ही विद्या वापरण्याची सोयच नव्हती.